निळीचा वंशवृक्ष

१२ सप्टेंबर

लीझलॉट कालेवार्ट आज आमच्या दारात उभी होती. मी नुकताच कारखान्यातून आलो होतो. गोठवलेल्या पालकाच्या पट्ट्यावर दिवसभर उभं राहिलं की केसांनाही पालकाचा वास येतो. आई म्हणाली, "सदरा तरी बदल." मी बदलला नाही. तिला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

काम असं आहे. तिच्या वडिलांना, ओदीलना, शर्यतीची सगळी कबुतरं विकायची आहेत. म्हणजे त्यांना नाही विकायची, डॉक्टर विकायला लावतोय. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसत गेलीय. ढाबळीत जाणं थांबवलं नाही तर पुढच्या हिवाळ्याचं काही खरं नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलंय. ओदील तयार झाले, पण एका अटीवर. निळी नावाच्या मादीपासून त्यांनी जो वंश वाढवला तो अख्खा वेबवर दिसला पाहिजे. घेणाऱ्यानं कुठल्याही कबुतरावर बोट ठेवलं की त्याचे आईबाप उलगडले पाहिजेत, पुन्हा ठेवलं की मिटले पाहिजेत. एकही नाव चुकता कामा नये. तोवर फाटकाबाहेर पीससुद्धा जाणार नाही. हिवाळी विक्रीची नोंदणी ऑक्टोबरअखेर बंद होते.

"तू गेंटला हेच शिकत होतास ना?" तिनं विचारलं.

शिकत होतो, दुसऱ्या वर्षी प्राध्यापकाच्या टेबलावर प्रकल्प आपटून निघून येईपर्यंत. ते सांगितलं नाही. "दोन आठवड्यांत देतो," म्हणालो.

"उपकार होतील रे, येले." माझं नाव घेताना ती किंचित थांबली. मला कळतात अशा गोष्टी.

तिची सायकल पंक्चर आहे, म्हणून औषधाच्या दुकानातल्या सहकाऱ्यानं तिला गाडीतून सोडलं होतं. कोणी तिबो म्हणून आहे. तो गाडीतच बसून होता. गाडी धुतलेली होती, याहून अधिक त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१४ सप्टेंबर

ओदीलकडे गेलो. स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं ते दुसऱ्याच्या कबुतराकडे पाहतात.

"कॉलेज का सोडलंस?"

"पटलं नाही."

"कोणाला? तुला का कॉलेजला?"

मी एक बिस्कीट उचललं. ते हसले आणि हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. सर्दी झालीय म्हणाले. सदऱ्याच्या बाहीला एक करडं पीस चिकटलं होतं. "वाऱ्यानं येतात," ते झटकत म्हणाले. अंगणात वारा नव्हता, पण म्हाताऱ्याशी कशाला वाद घाला.

ढाबळीत मी एकटा गेलो, नाकाला फडकं बांधून. प्रत्येक खणात एक जोडी, खणावर खिळ्याला टांगलेलं एक कार्ड, कार्डावर जोडीचे आणि त्यांच्या पिल्लांचे वाळ्याचे आकडे. पिल्लू आठवड्याचं असताना पायात वाळं चढवायचं, म्हणजे ते जन्मभर निघत नाही. मी सगळ्या कार्डांचे फोटो काढले. सोपं काम आहे. खण म्हणजे घर, घरातली पिल्लं म्हणजे मुलं.

निळी अजून जिवंत आहे. कोपऱ्यात एकटी बसते. म्हातारी, अंगानं बारीक, आणि डोळा असा की आपणच काहीतरी चोरायला आलोय असं वाटावं.

१९ सप्टेंबर

डोकं फिरायची वेळ आली आहे.

वेबवर झाडं काढायची जी तयार साधनं मिळतात, ती सगळी असं धरून चालतात की प्रत्येक फांदीला एकच खोड असतं. एका मुलाला एकच पालक. फोल्डर, कचेरीतले साहेब, पुस्तकातली प्रकरणं, सगळं त्यात बसतं. कबुतराला आई असते आणि बापही असतो. बरं, दोन्ही कसेबसे बसवले, तर या माणसानं नातवाची जोडी आजीशी लावलेली. रक्त घट्ट राहावं म्हणून. म्हणजे निळी एकाच पिल्लाची आई, आणि बापाकडून पणजी, आणि अजून एका वाटेनं खापरपणजी. माझं झाड फांदी उघडत उघडत परत स्वतःच्याच बुंध्याशी येतं, पुन्हा उघडायला लागतं, आणि पान गोठतं. कारखान्यातल्या पालकासारखं.

टेबलावर मूठ मारली. आई खालून ओरडली, "टेबल कॉलेजचं नाही, आपलं आहे."

२१ सप्टेंबर

सुटलं. जे कबूतर एकाहून अधिक ठिकाणी येतं ते प्रत्येक ठिकाणी काढायचं, पण पहिल्यांदा सोडून बाकी सगळीकडे तुटक रेषेनं. एकावर बोट ठेवलं की त्याची सगळी जुळी एकदम उजळतात. निळीवर बोट ठेवलं आणि अख्ख्या पडद्यावर नाताळची रोषणाई झाल्यासारखं झालं. लीझलॉटला व्हिडिओ पाठवला. तिनं एक हृदय पाठवलं. लाल नव्हतं, पिवळं होतं, पण हृदय ते हृदयच.

२५ सप्टेंबर

दाखवायला गेलो. लीझलॉट घरीच होती, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून पाहत होती. तिच्या केसांना साबणाचा वास. मी फांद्या उघडत गेलो. ओदीलनी चष्मा चढवला आणि "पोस्टमास्तर"पाशी बोट आणलं. हा त्यांचा सगळ्यात नावाजलेला नर, बार्सिलोनाहून भर उन्हात एका दिवसात परतलेला.

"याची आई कोण म्हणालास?"

मी वाचून दाखवलं.

ते इतके हसले की लीझलॉटला पाणी आणावं लागलं. "पोरा, तू माझ्या राजपुत्राला दाईच्या पोटी घातलंस."

मग कळलं. चांगल्या मादीनं उबवत बसून ताकद घालवू नये म्हणून तिची अंडी काढून दुसऱ्या साध्या जोडीखाली ठेवतात. ती जोडी दाई. अंडी उबवायची, पिल्लं भरवायची, नाव मात्र दुसऱ्याचं. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. मलाही माहीत होतं, आजोबा करायचे. तरी मी खणांवरून आईबाप ठरवले. कोणतं अंडं कधी कोणाखाली ठेवलं, ते कार्डावर नाही. ते फक्त ओदीलच्या डोक्यात.

"किती अंडी हलवलीत तुम्ही?"

"आठवेल तसं सांगतो," ते म्हणाले आणि खिडकीतून ढाबळीकडे बघत राहिले. एवढे खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

३० सप्टेंबर

सगळं नव्यानं केलं. त्यांनी सांगितलेली प्रत्येक दाई काढली, खरी आई बसवली. दोन दिवस कारखान्यातून आजारपणाची रजा घेतली, मुकादम टोचून बोलला, मी त्याला पालकाची पेटी कुठे ठेवायची ते सांगितलं. आता पेटी लावायच्या विभागात बदली झाली आहे.

ओदीलनी झाड शांतपणे पाहिलं. मान हलवली. मी निघणार तेवढ्यात म्हणाले, "ती लाल डोळ्याची... ती निघाली ते अंडं तिथलं नव्हतं. 'खाटीक' नराच्या खणातलं होतं. आत्ता आठवलं."

लाल डोळीखाली झाडाची निम्मी डावी बाजू आहे.

४ ऑक्टोबर

लाल डोळी हलवली. आज त्यांना आणखी एक आठवलं.

९ ऑक्टोबर

आणि आज आणखी दोन. दर खेपेला मी निघायला उठलो की आठवतं, बसलेला असताना कधी नाही. सूप पाजतात, गेंटच्या पोरींची चौकशी करतात, शर्यतीतली जुनी वादळं सांगतात, आणि मी कोट घातला की कपाळावर हात. "थांब पोरा, ते अंडं..."

सायकलवरून येताना मोठ्यानं शिव्या दिल्या. बांधावरच्या गायींनी माना वर केल्या. स्मरणशक्ती गेलीय म्हाताऱ्याची. सर्दीही जाईना. आज जिन्याच्या तीन पायऱ्या चढून कठड्याला धरून उभे होते, मी आलोय हे बघून चटकन सरळ झाले.

असो. वाट बघता बघता मी झाडाला पानगळीचे रंग दिले आहेत. जितकी पिढी जुनी तितका रंग गडद. ते छान दिसतं, पण फोनवर मजकूर वाचता येत नाही, म्हणून सगळे रंग पुन्हा नव्यानं निवडायला घेतलेत. फांदी उघडताना ती वाऱ्यानं हलल्यासारखी थोडी डोलते, तेही जमवलं. दाखवायला परवा पुन्हा जायला हवं. परवा लीझलॉटची सुट्टी असते.

११ ऑक्टोबर

तिला डोलणारी फांदी दाखवली. "छान आहे," ती म्हणाली. "पण नोंदणी कधी करायची, येले?"

मी तिला हळूच अंगणात नेलं आणि शक्य तितक्या मऊपणानं सांगितलं की तुझे बाबा विसरायला लागलेत.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा? मी सहा वर्षांची असताना कुठल्या रविवारी कुठलं कबूतर किती वाजता आलं ते सांगतात ते."

"मग ही अंडी?"

 तिनं ढाबळीच्या दाराकडे पाहिलं, त्याची कडी निघालेली होती. तिनं जाऊन ती लावली. परत आली तेव्हा डोळे पाणावले होते. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही, कारण तेवढ्यात ती धुतलेली गाडी आली.

ती गेल्यावर मी तिची सायकल दुरुस्त करायला घेतली. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दोन्ही चाकं बादलीत बुडवून पाहिली, एकही बुडबुडा नाही. हवा टच्च भरलेली. कोणीतरी आधीच पंक्चर काढलेलं दिसतंय, आणि तिला सांगितलेलं नाही. कमाल आहे लोकांची.

१३ ऑक्टोबर

एक युक्ती. पिसाच्या मुळावरून प्रयोगशाळेत आईबाप पडताळता येतात. ज्या कबुतरांच्या अंड्यांबद्दल म्हाताऱ्याला मागाहून "आठवलं", त्यांची आणि दोन्ही बाजूंच्या संभाव्य आईबापांची पिसं उपटून आणली. निळीनं बोटाला चोच मारली. ओदीलना सांगितलं नाही. प्रत्येकाचे आईबाप पक्के करून, कागद समोर ठेवून, "आता पुरे" म्हणायचं आहे.

२२ ऑक्टोबर

निकाल आला. पोस्टमास्तरची दाई, पहिल्या खेपेला सांगितलेली, ती बरोबर. तीस तारखेपासून आठवलेलं एकूण एक अंडं खोटं. लाल डोळी जिथे मी पहिल्यांदा लावली होती तिथलीच. खाटकाचा काही संबंध नाही.

विसरलेला नाही म्हातारा. रचत होता. सप्टेंबरच्या शेवटी झाड बरोबर होतं. त्या दिवशी नोंदणी करता आली असती. महिनाभर माझ्या तोंडाकडे बघून, सूप वाढून, एकेक अंडं काढलं त्यानं. मी कामावर बदली ओढवून घेतली, रात्रीची झोप घालवली, आणि हा माणूस कोट घालेपर्यंत थांबायचा.

आत्ता जाऊन कागद त्याच्या तोंडावर फेकतो.

२२ ऑक्टोबर, नंतर

घर बंद होतं. ढाबळीचं दार सताड उघडं, मधोमध दाण्यांची बादली आडवी पडलेली आणि कबुतरं सांडलेलं टिपत होती. शेजारीण म्हणाली, रुग्णवाहिकेनं नेलं. आतच पडले होते. रोज पहाटे जात होते म्हणे, लेक उठायच्या आधी, सगळ्या गल्लीला माहीत होतं.

कागद खिशात होता. काय करायचं ते कळेना, म्हणून कबुतरांना पाणी भरलं आणि कडी लावली.

२३ ऑक्टोबर

तील्टच्या इस्पितळात गेलो. लिफ्टपाशी तिबो दोन कॉफ्या घेऊन उभा होता. मला म्हणाला, "तू येले ना? ती खूप बोलते तुझ्याबद्दल, झाडाबद्दल." मग लीझलॉट आली, कॉफी न घेता सरळ त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. त्यानं कॉफ्या दोन्ही बाजूंना धरल्या, तिच्यावर सांडू नयेत म्हणून. फार सराईतपणे धरल्या.

पंक्चर कुठलं नव्हतंच, हे मला त्या लिफ्टपाशी कळलं. इतका गाढव मी.

रागाला दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. कागद काढला. म्हणालो, तुझ्या बाबांनी मला महिनाभर खेळवलं, हे बघ, सगळं खोटं, सप्टेंबरातच झालं असतं.

तिनं वाचलं. घडी घातली. "आणि तू?"

"मी काय?"

"चारदा मी तुला म्हटलं, आहे तसं टाक. पहिल्यांदा पानगळ, मग डोलणं, मग फोनवरची अक्षरं, मग पिसं. पिसं दहा दिवस, येले. ते अंडी बदलत होते, तू रंग बदलत होतास. आणि मी दोघांना सूप वाढत होते."

"मी ते नीट व्हावं म्हणून..."

"माहितीये कशासाठी," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिबो खिडकीबाहेर बघत होता. तेवढं त्याला कळतं, हे मला लिहावं लागतंय.

२४ ऑक्टोबर

काल घरी येऊन एका दमात पाठवून टाकणार होतो. कळ दाबली की संपलं, दोघंही गेले खड्ड्यात. दाबली नाही. आज लॅपटॉप घेऊन ओदीलकडे गेलो. नाकात नळी, पलंग अर्धा उभा केलेला. पलंगावर माणूस किती लहान दिसतो.

"लेकीनं सांगितलं," ते म्हणाले. "पिसं उपटलीस माझ्या कबुतरांची. विचारायचं तरी."

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

एवढंच. मी महिनाभराची शिवी तयार ठेवली होती, ती कुठे लावावी ते समजेना.

"झाड पुरं झालं असतं म्हणजे त्यांना नेलं असतं," ते थांबत थांबत म्हणाले. "मी म्हटलं, अजून एक रविवार. पाणी पिताना मान कशी हलवतात, पाहिलंस का तू? नसशील. तू आकडेच बघतोस." मग श्वास घेतला. "आणि तुलाही घाई दिसली नाही मला. खोटं कशाला बोलू, त्याचा मी फायदा घेतला."

नाही म्हणणार होतो. पण तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की खोटं बोलून उपयोग नव्हता. "नव्हतीच घाई," म्हणालो.

"तिबो बरा मुलगा आहे," ते म्हणाले. "कबुतरांतलं ओ की ठो कळत नाही. पण बरा आहे."

आम्ही दोघांनी झाड पुन्हा मूळपदावर आणलं. एकेक अंडं ते "खोटं" म्हणायचे, मी परत लावायचो. रंग काढून टाकले. डोलणंही काढलं. पांढऱ्यावर काळं, बोट ठेवलं की उघडतं, पुन्हा ठेवलं की मिटतं. सगळ्यात शेवटी पाठवायची खूण आली. मी म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांचं बोट इतकं कोरडं की पडदा दाद देईना. मग पुस्तकाचं पान उलटावं तसं त्यांनी ते जिभेला लावलं, आणि दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. परिचारिकेनं बाहेर काढेपर्यंत मी बसून राहिलो. 

२९ नोव्हेंबर

विक्री झाली. कबुतरं नेण्याचा आज दिवस. ओदील घरी आलेत, पण ढाबळीकडच्या दाराला लीझलॉटनं कुलूप घातलंय. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची घेऊन बसले. पकडायचं काम माझ्याकडे आलं. एकेक कबूतर हातात घ्यायचो, खिडकीशी नेऊन काचेसमोर धरायचो, ते आतून बघायचे, मान हलवायचे, आणि मग पेटीत. वाळ्याचा आकडा एकदाही पाहिला नाही त्यांनी. पोस्टमास्तरला काचेवरून बोट लावलं. गाडीवाला दोनदा घड्याळ दाखवून गेला, तिसऱ्यांदा मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

शेवटी निळी. इतक्या म्हातारीला गिऱ्हाईक नाही. ओदीलनी आतून मान हलवली, नाही म्हणून. लीझलॉट मला म्हणाली, "इथे ठेवता येणार नाही रे. एक ठेवली तरी ते जाणार आत."

मी निळीला घरी आणलं. आई म्हणाली, "कॉलेज सोडून आलास, मुलगी आणशील म्हटलं, तर कबूतर."

लीझलॉट शनिवारी गेंटला राहायला जाते आहे, तिबोबरोबर. निघताना तिनं मला मिठी मारली. केसांना तोच साबण. कधी माझा विचार केला होतास का, असं मी विचारलंच. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. "नाही, येले," ती म्हणाली. "कधीच नाही." घरी येऊन जुनी सगळी पानं वाचली. फाडावीशी वाटली. त्यात ओदील फार आहेत, म्हणून ठेवली.

६ डिसेंबर

ओदीलचा फोन. दाणे किती घालायचे, पाणी किती, ते सांगितलं. मग म्हणाले, "आणि दार. गॅरेजचं दार उघडं ठेवायचं नाही. आपलं कबूतर आहे ते, सोडलंस तर कुठे येईल माहितीये ना? दुसऱ्याच्या घरी दहा वर्षं ठेवलं तरी." तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा आवाज जरा चिरकला, पण खोकला नव्हता.

९ डिसेंबर

सकाळी स्वच्छ थंडी होती. कारखान्याला जाताना मी गॅरेजचं दार लोटलं नाही.

दुपारी फोन आला. "येले, ती इथे आहे. छपरावर बसलीय, खिडकीतून दिसते." मग म्हणाले, "डावा पंख जरा खाली धरते. पण वळण अजून तसंच घेते बघ, चर्चच्या बाजूनं."

मी म्हटलं, "चुकून राहिलं दार. संध्याकाळी घेऊन जातो."

"घाई नाही," ते म्हणाले. "सूप आहे."

पालकाचा वास तसाच अंगावर घेऊन गेलो. शिडी लावून निळीला उतरवलं, टोपलीत घातलं, टोपली बाहेर ओसरीवर ठेवली, काचेच्या पलीकडे. सूप प्यालो. लीझलॉटच्या खुर्चीवर वर्तमानपत्रं साचली आहेत. निघताना ओदील दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आता मात्र दार नीट लाव."

"लावतो," म्हणालो.

उद्याही हवा चांगली आहे.